दुसऱ्या पायरीच्या खाली जाऊ नये

आमच्या थोरल्या साडूंइतका समुद्राला भिणारा आणि तरीही समुद्राची इतकी बित्तंबातमी ठेवणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधूनही सापडायचा नाही. राहायला सुरतेच्या पर्वत पाटिया भागात, नोकरी कडोदऱ्याच्या एका लूम कारखान्यात मास्तर म्हणून, आणि मूळ गाव शिंदखेड्याच्या बाजूला, जिथं नदी वर्षातून एकदा येते आणि आली की लोक ती बघायला जातात. म्हणजे आयुष्याच्या कुठल्याही टप्प्यावर या गृहस्थांच्या पायाला खारं पाणी लागायचं काही कारण नव्हतं. होडीत ते कधी बसलेले नाहीत. पोहायला येत नाही. मासे घरात शिजत नाहीत आणि दुसऱ्याच्या घरी शिजत असले तर साडू गॅलरीत जाऊन उभे राहतात. पण दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर उद्या दुपारी वारा कुठून सुटणार, त्याचे झोत किती जोराचे असणार, लाटा किती मीटर उसळणार आणि लहान होड्या पाण्यात घालाव्यात की नाही, हे त्यांना विचारा. खरं तर विचारायचीही गरज नाही, ते सांगतातच.

साडू हे नातंच मुळात बिनकामाचं. दोन माणसांनी एकाच घरच्या मुली केल्या, एवढ्या भांडवलावर ती आयुष्यभर एकमेकांच्या लग्नकार्यात शेजारीशेजारी बसतात. माझं आणि साडूंचं तसंच झालं. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात, ते लूमवर. ते विणणार ते कापड आम्ही रंगवणार, पण कापडावर आम्ही कधी बोललो नाही. आमचं सगळं बोलणं वाऱ्यावरचं आणि लाटांवरचं. त्यातही बोलायचे ते, आणि हूं म्हणायचं मी.

या वेडाची सुरुवात मला नक्की ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो. साडूंनी नवी स्कूटर घेतली, तिला हार घातला, लिंबू चिरडलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन ते डुमसला निघाले. मी माझ्या जुन्या गाडीवर मागून. तिथली समुद्राची तऱ्हा सुरतेत वाढलेल्या पोरांना माहीत असते. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र कुठल्या बाजूला आहे ते विचारावं लागतं, आणि भरतीला ते तितक्याच लगबगीनं परत येतं. साडूंना समोर दिसली काळ्या रेतीची सपाट मोकळी जागा. सावली नव्हती, पण गर्दीही नव्हती आणि पार्किंगचे पैसे मागणारा माणूसही नव्हता. त्यांनी स्कूटर सरळ आत नेली, दोनदा हँडल लॉक केलं आणि वर येऊन आम्ही टोमॅटोची भजी खायला बसलो. दुसरी प्लेट येईपर्यंत स्कूटर चाकापर्यंत पाण्यात होती. चटणी मागवेपर्यंत फक्त हार दिसत होता. साडू उठले नाहीत. हातातलं भजं त्यांनी खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी तिले समुद्रमा नही लावेल व्हती. समुद्र आना तिन्हाकडे." त्या दिवसापासून समुद्राच्या येण्याजाण्यावर त्यांनी जी नजर ठेवली ती आजतागायत हललेली नाही. ज्यानं आपली स्कूटर न विचारता नेली, तो पुन्हा कधी येतोय हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे, इतका साधा त्यांचा हिशोब.

त्यातून त्यांचं बुलेटिन जन्माला आलं. रोज पहाटे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचा आवाज येतो. आधी खाकरणं, मग "नमस्कार. दक्षिण गुजरात किनारपट्टी." आता गंमत अशी की आमचे साडू घरात, कारखान्यात, बाजारात, देवळात सगळीकडे अहिराणी बोलतात. लूमच्या मालकाशी गुजराती, कामगारांशी हिंदी, पण ती दोन्हीही अहिराणीच वाटावी अशी. फक्त समुद्राबद्दल बोलताना ते एकदम छापील मराठीत शिरतात. "वारे नैर्ऋत्येकडून वाहतील. समुद्र खवळलेला ते अति खवळलेला राहील. दृश्यमानता मध्यम. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." सरकारी अंदाज ते फोनवर तीन ठिकाणी ऐकतात, जुळवतात, त्यात भरतीच्या वेळा घालतात आणि मगच बोलतात. आमच्या ग्रुपवर मच्छीमार एकही नाही. एक रिक्षावाला, दोन साडीच्या दुकानांतले, एक नर्स, बाकी लूमवाले. तरी रोज त्या सगळ्यांना समुद्रात न जाण्याबद्दल बजावलं जातं, आणि आजवर कोणी गेलेलंही नाही, हे साडू अभिमानानं सांगतात.

हे बुलेटिन कोणी ऐकत नाही, हे वेगळं सांगायला नको. लोक सकाळी एक अंगठा टाकतात आणि कामाला लागतात. खुद्द आक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी आणि साडूंची बायको, तिनं तर सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "तुमना समुद्र तठेच ऱ्हाऊ द्या, आठे माले भाकरी टाकन्या शेतस." आक्का म्हणजे त्या घरातली शेवटचा शब्द असलेली बाई. ती बोलली की विषय संपतो. पण साडूंनी तिलाही आपल्या कोष्टकात बसवलं आहे. मी फोन करून "येऊ का?" विचारलं, तर पलीकडून आवाज खाली आणून उत्तर येतं, "सकाळी खवळलेला ते अति खवळलेला. दुपारनंतर जोर कमी होण्याची शक्यता. लहान होड्यांनी थांबावं." लहान होडी म्हणजे मी. मी थांबतो. हा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

घरातलं कोणी ऐकेना, तेव्हा साडूंनी बाहेर श्रोते शोधले. मगदल्ल्याचा एक मच्छीमार त्यांना कुठल्याशा दवाखान्यात भेटला होता. त्याचा नंबर घेऊन साडू त्याला रोज सकाळी फोन करू लागले. ऐन पावसाळ्यात एकदा मी समोर बसलो होतो. साडूंनी त्याला वारा सांगितला, लाट सांगितली, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढल्याचं सांगितलं. तो बिचारा पलीकडून म्हणाला, "काका, होडी तो बे महिनाथी ऊंधी पडी छे. चोमासामां कोण जाय?" होडी दोन महिने उपडी आहे हे ऐकून साडूंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. तरी जाऊ नका." मग फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि माणूस समजूतदार आहे, असा शेरा मारला.

एकदा त्यांच्या मुलानं सगळ्यांना भावनगरकडच्या खोडियार देवीच्या दर्शनाला न्यायचं ठरवलं आणि हजीऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या फेरीची तिकिटं काढली. खंबातचं आखात ओलांडून काही तासांत पलीकडे. साडू आदल्या दिवसापासून फोनवर अंदाज जुळवत होते. हजीऱ्याला पोचलो, सामान उतरवलं, रांगेत उभे राहिलो आणि साडू घसा खाकरून म्हणाले, "लाटांची उंची सव्वा ते पावणेदोन मीटर." मुलगा म्हणाला, "पप्पा, हाई जहाज शे, होडी नही. त्यात ट्रक चढी ऱ्हायना." साडू म्हणाले, ट्रकला पोहता येत नाही हे ट्रकला माहीत नसतं, मला माहीत आहे. झालं. फेरी ट्रक घेऊन गेली आणि आम्ही आखाताला वळसा घालून रस्त्यानं निघालो. भरूच, वडोदरा करत करत आम्ही भावनगरला टेकलो तेव्हा फेरीतली माणसं दर्शन घेऊन, जेवून, झोपा काढून उठलेली होती. देवळाच्या पायऱ्यांवर त्यातला एक भेटला. साडूंनी त्याला गाठून विचारलं, लाटा किती होत्या. तो म्हणाला, असतील मीटर दीड मीटर, कळलंसुद्धा नाही. साडूंचा चेहरा उजळला. "सव्वा ते पावणेदोन," ते मला म्हणाले. आम्ही दिवसभर बसमध्ये का हाडं खिळखिळी करून घेतली, हा प्रश्न त्यांच्या लेखी शिल्लकच राहिला नव्हता. अंदाज बरोबर आला होता.

आणि खरं सांगायचं तर या माणसाचा मला राग येत नाही, तो याचमुळे. कुणाच्या सोयीसाठी त्यांनी वारा कधी एका पैशानं कमी करून सांगितला नाही. शेजारच्या गुजराती बाईंनी गच्चीत पापड घातले आणि "भाई, आजे तडको रेशे ने?" असं उन्हाबद्दल लाडानं विचारलं, तरी ते म्हणणार, आर्द्रता जास्त आहे, उचला. कारखान्याच्या शेठनं पाहुण्यांना डुमसला न्यायचं ठरवलं, तर त्यालाही तोंडावर नाही म्हणाले. सगळ्यांत कहर केला तो मुलाच्या लग्नात. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि आलेल्या मंडळींचे आभार मानायला साडूंच्या हाती माइक आला. आभार मानून झाले. मग घसा खाकरला गेला. "दक्षिण गुजरात किनारपट्टीवर पुढील दोन दिवस जोरदार वारे वाहण्याची शक्यता आहे. मंडपाचे दोर तपासून घ्यावेत." मंडपात वऱ्हाडाचे लोक एकमेकांकडे बघू लागले. निदान त्या दिवशी तरी चार गोड शब्द बोलायला काय जात होतं, असं आक्का नंतर महिनाभर म्हणत होती. पण स्टेजवर नवी नवरी खाली मान घालून हसत होती, ते मी पाहिलं. वाकड्या तोंडानं हसत नव्हती, मजा वाटून हसत होती.

ही सून उधन्यात वाढलेली. घरात अहिराणी समजते, बोलताना मात्र निम्मं गुजराती येतं. शांत, चटपटीत, फोनवर बोटं भराभर चालवणारी. साडूंच्या बुलेटिनला ती रोज अंगठा टाकायची, पण इतरांसारखा न ऐकता नाही. ती पोळ्या लाटताना फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि सगळं बुलेटिन शेवटपर्यंत चालू द्यायची. एकदा मी तिला विचारलं, कळतं का तुला यातलं काही? ती म्हणाली, "काका, कळायचं काय? पप्पा रोज सगळ्यांना सांगतात, सांभाळून राहा. बीजुं शुं, दुसरं काय?" मला इतकी वर्षं ते ऐकून हे सुचलं नव्हतं.

आता त्या सोमवारचं सांगतो. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला हळदकुंकू लावून, चांदीचे डोळे, नथ आणि दागिने घालून देवी म्हणून मांडतात. रविवारी बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यावर नेतात. साडूंच्या घराण्याची रीत अशी की देवीचा नारळ पाण्यात सोडत नाहीत. दागिने काढून तिला नदीत न्हाऊ घालायचं, पुन्हा सजवायचं आणि घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायचं. तोच नारळ पुढल्या वर्षी. त्यांचा नारळ साडूंच्या पणजोबांच्या आधीचा. वाळून हलका झालेला, हळदीकुंकवानं काळा पडलेला, आणि हलवला तर आतलं खोबरं खुळखुळ वाजायचं. गावाकडून सुरतेला येताना यांच्या आजीनं म्हणे दुसरं काही आणलं नव्हतं, हा नारळ पदरात बांधून आणला होता. या नारळाबद्दल सगळे भाऊबंद मोठ्या अदबीनं बोलतात. अगदी आक्काचाही आवाज या देवीसमोर उतरतो.

त्या सणाचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायच्या, बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, असा यांच्याकडे दंडक. मी पडलो साडू, म्हणजे बाहेरचा. त्यामुळे सोमवारी सकाळी घरात सगळे पुरणाच्या वासात बसलेले आणि मी बाहेर ओट्यावर फाफडा खात फोन बघत होतो. म्हणूनच माझ्याकडून त्या दिवशीचं बुलेटिन पूर्ण ऐकलं गेलं. साडूंनी ते पहाटेच टाकलं होतं. समुद्र खवळलेला, वारा जोराचा, हे रोजचंच. पुढं होतं, "धरणातून पाणी सोडल्यामुळे तापीला ओढ आहे. त्यात दुपारी ओहोटी. ओवाऱ्यावर दुसऱ्या पायरीच्या खाली जाऊ नये. आज पाण्यात जे जाईल ते थेट आखातात जाईल, परत येणार नाही, याची भाविकांनी नोंद घ्यावी." मी नोंद घेतली आणि फाफडा संपवला.

टेम्पोत स्पीकर, पुढं बायका, डोक्यावर चौरंग, असे आम्ही उमऱ्याकडच्या ओवाऱ्यावर, म्हणजे नदीच्या घाटावर, पोचलो. तिथं तापीला भरती-ओहोटीचं पाणी असतं. आरती झाली. आक्कानं देवीची नथ, डोळे, दागिने काढून ताटात ठेवले आणि नारळ सुनेच्या हातात दिला. तिची पहिलीच कानबाई, तेव्हा न्हाऊ घालायचा मान तिचा. साडू वरच्या पायरीवर उभे राहून "दुसरीच्या खाली नको, दुसरीच्या खाली नको" म्हणत होते, पण ढोल जोरात होता. बायकांच्या रेट्यात पोरगी पदर सावरत तिसऱ्या पायरीवर उतरून वाकली, नारळ पाण्यात बुडवला, आणि पाण्यानं तो ओढून घेतला. नीट धरला नव्हता असं नव्हे. ओढच तशी होती. एकदा तो काळा ठिपका वर आला, झेंडूच्या पाकळ्यांत गिरकी घेतली आणि खाली मगदल्ल्याच्या दिशेनं निघून गेला. ढोलवाल्याला कळायला वेळ लागला. मग तोही थांबला.

"माय हातमाईन सटकनी," एवढंच ती बोलली आणि तशीच ओल्या हातांनी उभी राहिली. तिचा नवरा पुढं धावला, पण पाण्याकडे बघून थांबला. भाऊबंदांतले त्याचे एक वयस्कर चुलते, नेहमी पुढच्या खुर्चीवर बसणारे, पागोटं सारखं करत म्हणाले, "पहिलंच वरीस. नवी सूनना हातथीन." पुढचं बोलायची गरज नव्हती. ते वाक्य ऐकलं आणि मला या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. या घरात उद्या कोणी आजारी पडलं, कुणाचं दुकान बसलं, एखाद्याचं मूल नापास झालं, तरी कुणी ना कुणी हळूच तो सोमवार काढणार होतं. तिला बिचारीला कोणी शिव्या देणार नव्हतं. फक्त आठवण ठेवणार होतं. आक्का ताट धरून उभी होती. ताटात चांदीचे डोळे वर बघत होते. 

तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"ओहोटीचा जोर थोडा वेळ राहील," साडू म्हणाले. बुलेटिनचा आवाज, बुलेटिनची भाषा. "त्यानंतर भरती लागेल. वारा नैर्ऋत्येचा असल्यामुळे पाणी याच काठाला वळेल. गेलेला नारळ संध्याकाळपर्यंत परत येईल. कोणीही काळजी करू नये." मग सुनेजवळ येऊन, तिच्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "रडू नको. वर ये."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. सकाळचं बुलेटिन माझ्या खिशात होतं. पण बाकी कोणी ते ऐकलेलं दिसत नव्हतं. इतकी वर्षं कोणी ऐकत नव्हतं त्याचं फळ त्यांना त्या दुपारी मिळालं. सगळे भाऊबंद ओवाऱ्याच्या पायऱ्यांवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कान लावून त्यांचं ऐकू लागले. कोणी विचारी, भरती म्हणजे नक्की काय व्हतं? कोणी विचारी, वारा बदलना तर? ते चुलतेसुद्धा जवळ सरकले. साडू एकेकाला उत्तर देत होते, चंद्राचं सांगत होते, आखाताचा आकार हातानं काढून दाखवत होते. एवढे श्रोते समोर असून ते खुश दिसत नव्हते. सारखे पाण्याकडे बघत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "आप्पा, सकाळी तर तुम्ही..." ते म्हणाले, "भाऊ, चहा सांगा सगळास्ले." मी चहा सांगायला गेलो.

उन्हं कलली तेव्हा पाणी वळलं. ते मात्र सांगितल्यासारखंच झालं. नदी क्षणभर थबकली आणि मग उलटी वर चढू लागली. झेंडू आला, थर्मोकोलची ताटं आली, एक चप्पल आली, आणि मग नारळ येऊ लागले. सुरतेत नदीला नारळ वाहणाऱ्यांची काही कमी नाही, आणि त्यात श्रावणी सोमवार. एक आला, मागोमाग दोन, मग आणखी. पायऱ्यांवर गडबड उडाली. साडूंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हा माणूस, जो डुमसनंतर गुडघाभर पाण्यात कधी उतरला नव्हता, दुसरी पायरी उतरला, तिसरी उतरला, चौथीवर जाऊन कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला. मुलगा "पप्पा, पप्पा" करत होता. साडूंनी पहिला नारळ जाऊ दिला. दुसरा हातात घेऊन पाहिला आणि सोडला. तिसऱ्याला सोडलं. चौथा त्यांनी दोन्ही हातांनी धरला, डोक्याला लावला आणि परत फिरले.

तो नारळ नवा होता. मी दोन पायऱ्यांवरून पाहत होतो. शेंडी पिवळीधमक, अंगावर कुणाच्यातरी पूजेचं ओलं कुंकू. एवढं सोंग आणलंच होतं, तर त्यांनी जरा जुनाट दिसणारा तरी निवडायचा होता, असं माझ्या मनात आलं. पण तेवढी सफाई त्यांना कुठली यायला, सवयच नव्हती. त्यांनी तो आक्काच्या हातात दिला. पँटमधून पाणी निथळत होतं. आक्कानं नारळ तोलला. कानाशी नेऊन हलवला. आतलं पाणी डचमळलेलं मलाही ऐकू आलं. तिनं नवऱ्याच्या ओल्या पँटकडे पाहिलं, मग कडेच्या पायरीवर अंग चोरून बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

"हाईच शे," आक्का म्हणाली, आणि ताटातले चांदीचे डोळे उचलून तिनं नारळाला लावायला घेतले.

ते चुलते चुळबुळले. "पन वहिनी, आपली माय ते वाळेल व्हती. इन्हामा पानी वाजी ऱ्हायनं."

"इतला येळ पानीमा व्हती ती," आक्का नथ अडकवता अडकवता म्हणाली, "घोटभर पानी पिनी व्हई."

विषय संपला. ढोल सुरू झाला. येताना देवीचा चौरंग आक्कानं मुद्दाम सुनेच्या डोक्यावर दिला, सगळ्यांना दिसेल असा.

परतीच्या टेम्पोत ती माझ्याशेजारी बसली होती. उधना दरवाजा मागे गेल्यावर हळूच म्हणाली, "काका, तुम्ही सकाळचं बुलेटिन ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं," मी म्हणालो. मग म्हणालो, "अंदाज आहे शेवटी. चुकतो कधीकधी."

"पप्पांचा नाही चुकत," ती म्हणाली. पुढच्या सीटवर साडू ओल्या पँटवर वर्तमानपत्र टाकून बसले होते आणि मान पार खाली गेली होती. बहुधा झोप लागली होती. पर्वत पाटिया येईपर्यंत ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

रात्री घरी जाऊन मी ते बुलेटिन पुन्हा ऐकावं म्हणून ग्रुप उघडला, तर ते तिथं नव्हतं. साडूंनी काढून टाकलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मागे घेतलेला हा एकच अंदाज, आणि तोही अगदी बरोबर आलेला. सुनेनं तो ऐकला होता, हे त्यांना अजून माहीत नाही. तिनं सांगितलेलं नाही आणि मीही सांगणार नाही.

त्याला आता काही श्रावण झाले. तो नारळ देव्हाऱ्यात राहून वाळला. शेंडी काळवंडली, हळदीकुंकवाचे थर चढले. यंदा आक्कानं बसवताना सवयीनं कानाशी नेऊन हलवला, तर आतलं पाणी आटून खोबरं सुटलं होतं आणि तो जुन्यासारखाच खुळखुळ वाजला.  तिनं सुनेला बोलावून तो तिच्याही कानाशी धरला. मला दारातून ते दिसलं.

साडू आता थकले आहेत. कारखाना सुटला, गुडघे दुखतात, आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागत नाही. पण पहाटे बुलेटिन येतंच, आणि ओवाऱ्यावर दुसऱ्या पायरीच्या खाली कोणी जाऊ नये, ही सूचना कानबाईच्या सोमवारी हमखास असते. मग दुपारी सून नारळ घेऊन दुसऱ्या पायरीवर वाकते, आणि हे गृहस्थ पँट दुमडून तिच्या पुढं, तिसऱ्या पायरीवर पाण्यात उभे असतात, दोन्ही हात तिच्या हातांखाली धरून.